नगराहून नगरास

परमुलुखातला मनुष्य माळीवाड्याच्या स्थानकावर उतरला, की आमच्या नगरचा रिक्षावाला त्यास काही एक न विचारता अरणगावच्या रस्त्याला लागतो. तेथे मेहेराबाद आहे, मेहेरबाबांची समाधी आहे, आणि दर वर्षी ३१ जानेवारीस अमरतिथीनिमित्त देशोदेशीचे भक्त तेथे जमतात. तेव्हा परकीय म्हणजे मेहेराबादचा, हे समीकरण आमच्या गावात पक्के बसून गेले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्ली दरवाजाजवळील आमच्या वाड्याच्या ओटीवर तीन परदेशी माणसे सकाळच्या उन्हात बसलेली पाहून दूधवाल्याने आम्हांस हळूच विचारले, "मेहेराबादचे का?" आम्ही म्हणालो, "नव्हे, आमचे व्याही." तो बिचारा चरवी हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त बँकॉक येथे राहतात. त्यांचा विवाहही तिकडेच झाला. सूनबाई थायलंडातील नखोन सवान या गावच्या. हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा ते आम्हांस अगदीच अपरिचित वाटले. परंतु सूनबाईंनी त्याची फोड करून सांगितली तेव्हा आम्ही थक्क झालो. 'नखोन' म्हणजे आपले 'नगर', आणि 'सवान' म्हणजे 'स्वर्ग'. आम्ही नुसत्या नगरचे, आणि आमचे व्याही स्वर्गनगरचे! त्यांच्या गावी पिंग व नान या दोन नद्या एकत्र येतात आणि तेथून चाओ फ्राया ही थायलंडची महानदी सुरू होते. आमच्या सीनेस माघात पाय भिजतील इतकेही पाणी नसते, हे आम्ही त्यांना पहिल्याच पत्रात प्रांजळपणे कळवून टाकले होते.

प्रश्न उभा राहिला तो नातवाच्या मुंजीमुळे. मुलगा आठ वर्षांचा झाला. चिरंजीवांचे म्हणणे, मुंज व्हावी ती नगरच्या वाड्यात, आमच्या वडिलांची झाली त्याच चौकात. आमच्या आप्तवर्गात यावर बरीच कुजबुज झाली. आई परदेशी, आजोळ बौद्ध, अशा मुलास उपनयनाचा अधिकार कसा, असे एकाने पत्राने विचारले; एका वैदिकांनी तब्येतीचे कारण पुढे केले. शेवटी निर्णय दिला तो आमच्या आत्याबाईंनी. वय ब्याऐंशी, विवाहानंतर तीन वर्षांत वैधव्य, तेव्हापासून या घरची सर्व मंगलकार्ये त्यांनीच पार पाडलेली. त्या म्हणाल्या, "मुलगा आपला आहे ना? मग मुंज होईल. आणि त्याच्या आजोळचे कोणी आल्याशिवाय होणार नाही. मातृभोजनाला आई एकटी बसवाल, आणि तिच्या माहेरचे माणूस मांडवात नको?"

येथून आमच्या कागदोपत्री उद्योगास प्रारंभ झाला. एकाच कुटुंबात किती तऱ्हेचे दाखले नांदू शकतात हे आम्हांस तेव्हा कळले. चिरंजीवांचे पारपत्र भारताचे. नातवाचा जन्म बँकॉकचा, पण बाप भारतीय व जन्माची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत केलेली, म्हणून त्याचेही भारताचेच. सूनबाईंचे पारपत्र थायलंडचे, पण भारतीय नागरिकाच्या पत्नीस विवाहाच्या नोंदीनंतर दोन वर्षांनी जे परदेशस्थ नागरिकत्वाचे कार्ड मिळू शकते ते त्यांनी घेतलेले. त्यामुळे त्यांना भारतात येताना व्हिसा लागत नाही. राहिले तिघे: व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांच्या मातोश्री, म्हणजे मुलाच्या पणजीबाई. या तिघांस व्हिसा हवा. आम्ही तिकडे जाणे त्या मानाने सुकर होते. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय प्रवाशांस व्हिसाच माफ केला आणि १५ जुलै २०२४ पासून मुक्कामाची मुदत ६० दिवसांपर्यंत वाढविली होती. आपल्या सरकारने थाई प्रवाशांसाठी संगणकावरून अर्ज करण्याची सोय २०१४ च्या नोव्हेंबरात, पहिल्याच यादीत, करून दिली होती. पण अर्ज हा अर्जच.

आमची तीस वर्षे सरकारी कचेरीत गेली. कोणताही नमुना भरण्यात आमचा हात धरणारा तालुक्यात नाही, असा आमचा समज. म्हणून चिरंजीवांनी "मी येथून भरतो" म्हटले असता आम्ही ते साफ नाकारले. मुलाकडचे आम्ही, निमंत्रण आमचे, पत्ता आमचा. तेव्हा अर्जही आम्हीच भरणार. आठ वर्षे ज्यांना नुसते कुशल विचारीत आलो त्या माणसांची खरी नावे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली! थाई लोकांत प्रत्येकास एक हाकेचे नाव असते आणि घरीदारी तेच चालते. विहीणबाईंच्या हाकेच्या नावाचा अर्थ 'पक्षी'. आत्याबाईंनी त्यांचे नामकरण कधीच 'मैनाबाई' असे करून टाकले होते. पारपत्रावरचे नाव मात्र रेल्वेगाडीसारखे लांबलचक. तिकडे आडनावे आली तीच मुळी १९१३ च्या कायद्याने. राजा वजिरावुध याने तो केला, आणि एका कुळाचे आडनाव दुसऱ्या कुळास घेता येऊ नये असा दंडक असल्याने आडनावे लांबत गेली. याच राजाने शाकुंतलाची कथा थाई भाषेत नाट्यरूपाने आणली, ही गोष्ट नावांच्या त्रासाबद्दल त्यास क्षमा करण्यास आम्हांस पुरेशी वाटली.

त्यातून तिकडे मनुष्य ज्योतिषाच्या किंवा भिक्षूच्या सल्ल्याने आपले नावही बदलतो. विहीणबाईंनी एका मोठ्या दुखण्यानंतर ते बदललेले. अर्जात 'पूर्वी नाव बदलले आहे काय' असा प्रश्नच असल्याने ते जुने नाव तेथे प्रामाणिकपणे लिहिले. धर्म कोणता, अंगावर दिसणारी खूण कोणती, आजा-पणजा पाकिस्तानचे होते काय, गेल्या तीन वर्षांत शेजारच्या कोणकोणत्या देशांत जाऊन आलात, असे प्रश्न पुढे येतच होते. अंगावरील खुणेबद्दल विचारता पणजीबाईंनी गुडघ्यावरचा व्रण सांगितला. लहानपणी भाताच्या खाचरात विळा लागला होता म्हणे. आमच्या पत्त्याचाही घोळ झालाच. जिल्ह्याचे नाव बदलून 'अहिल्यानगर' झाल्यास तीन-चार महिनेच लोटले होते. चौंडीच्या त्या पुण्यशील लेकीचे नाव जिल्ह्यास लाभले याचा आम्हांस आनंदच आहे. पण आमच्या आधारपत्रावर जुने नाव, मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेवर नवे. मैनाबाईंनी नाव बदलले त्याचा खुलासा मागणारे आम्ही, आमच्या गावानेही तेच केले होते! पत्त्यात आम्ही दोन्ही नावे लिहिली.

तीस दिवसांच्या व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या एक महिन्याहून आधी करता येत नाही आणि किमान चार दिवस तरी आधी करावा लागतो. म्हणजे फार उतावीळ होऊनही भागत नाही आणि आळसही परवडत नाही. मुहूर्त माघ शुद्ध पक्षातला. जानेवारीच्या मध्यास एका रात्री आम्ही तिन्ही अर्ज रवाना केले आणि मोठ्या समाधानाने निजलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूनबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा मृदू, पण शब्द जड. "बाबा, आजीचे जन्मवर्ष चुकले."

आम्ही अर्जाची छापील प्रत काढली. पणजीबाईंच्या जन्माचे साल आम्ही १९३९ लिहिले होते; पारपत्रावर १९४० होते. ही चूक आमच्या हातून व्हावी कशी? झाले असे की पारपत्राची प्रत धूसर आली होती, म्हणून आम्ही त्यांच्या घरच्या सरकारी नोंदवहीवरून साल घेतले. तेथे फेब्रुवारी २४८२ असे होते. थायलंडात बुद्धशक चालतो आणि तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. दोन हजार चारशे ब्याऐंशीतून पाचशे त्रेचाळीस वजा केले की एकोणीसशे एकोणचाळीस. वजाबाकी बिनचूक होती. उत्तर चूक होते.

कोडे सोडविले ते व्याह्यांनी. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चिरंजीवांकरवी फोनवर जे समजावून सांगितले ते असे. थायलंडात पूर्वी नवे वर्ष १ एप्रिलला लागे. १९४१ पासून ते १ जानेवारीला लागू लागले, आणि हा सांधा बसविण्यासाठी बुद्धशक २४८३ हे वर्ष अवघ्या नऊ महिन्यांचे करण्यात आले. त्यामुळे त्याआधी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचे साल काढताना ५४३ नव्हे, ५४२ वजा करावे लागतात. पणजीबाई नेमक्या फेब्रुवारीतल्या. आपल्याकडेही शकाचे इसवी सन करताना पौष-माघात एक वर्षाचा फरक धरावा लागतो. मुंजीच्या पत्रिकेवर शके १९४६ आणि इसवी सन २०२५ शेजारी शेजारी आम्हीच छापविले होते, तरी ते आमच्या ध्यानी आले नाही!

एकदा रवाना केलेल्या अर्जात खाडाखोड चालत नाही. परवाना आला असता, तरी त्यावरचे साल पारपत्राशी जुळले नसते, आणि वय वर्षे पंच्याऐंशीच्या त्या वृद्ध स्त्रीस बँकॉकच्या विमानतळावरूनच परत फिरावे लागले असते. नवा अर्ज करणे प्राप्त होते. तो चिरंजीवांनी केला. आम्ही लेखणीस हात लावला नाही. दोघांचे परवाने तिसऱ्या दिवशी आले. पणजीबाईंचे काहीच कळेना. सूनबाईंनी सांगितले की आजीने नव्या पांढऱ्या वस्त्रांचा जोड शिवून घेतला आहे आणि त्या रोज सकाळी एकच प्रश्न विचारतात, "कागद आला का?" घरात आम्हांस कोणी बोलले नाही. आत्याबाईंनी मात्र जेवताना एकदा विचारले, "तू कचेरीत लोकांचे अर्ज असेच परत पाठवीत होतास का रे?" घास घशाखाली उतरेना.

त्या दिवसांत आम्हांस झोप नसे आणि उगाच जुन्या गोष्टी आठवत. फेरिश्ता हा इतिहासकार कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादेहून लहानपणी बापाचे बोट धरून आमच्या नगरात आला. त्याच्या बापास निजामशहाच्या राजपुत्रास फारसी शिकविण्याचे काम होते. मलिक अंबर हबसाणातून आला तो गुलाम म्हणून, आणि येथे वजीर झाला. या दोघांस कोणी जन्मसाल विचारले नसेल. उलट १९१४ चे महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानात वर्षानुवर्षे राहिलेले जर्मन व ऑस्ट्रियन लोक केवळ कागदावरच्या राष्ट्रीयत्वापायी याच नगरच्या छावणीत कोंडले गेले. माणसाच्या कागदाला इतके वजन आले ते या शंभर-सव्वाशे वर्षांत.

चौथ्या दिवशी सायंकाळी परवाना आला. आम्ही देवापाशी साखर ठेवली आणि पोरासारखे वाडाभर फिरून सर्वांना सांगितले.

मुंबईस त्यांना उतरवून घेण्यास आम्ही स्वतः गेलो. ठसे घेण्याच्या जागी पणजीबाईंची बोटे यंत्रास दिसेनात म्हणून वेळ लागला, असे मागाहून कळले. साठ वर्षे भातलावणी केलेली ती बोटे; तिसऱ्या खेपेस उमटली. कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाटाने आम्ही नगरास निघालो. पावसाळ्यात हा घाट म्हणजे धबधब्यांची रांग. माघात मात्र सारे कडे कोरडे, करडे. आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले. पण व्याह्यांनी गाडी थांबवून पुष्कळ वेळ त्या कड्यांकडे पाहिले. त्यांचा प्रांत सपाट, पाणथळ. एवढा उघडा दगड त्यांनी कधी पाहिला नव्हता. टाकळी ढोकेश्वरास आम्ही पुन्हा थांबलो. येथील टेकडीत शिवाचे प्राचीन लेणे कोरलेले आहे. पणजीबाई पायऱ्या चढू शकल्या नाहीत. त्यांनी खालूनच हात जोडले आणि सूनबाईंस काही सांगितले. सूनबाई म्हणाल्या, "आजी म्हणते, डोंगराच्या पोटात देव बसवायला किती धीर लागला असेल."

घरी पोहोचताच पहिले काम पोलिसांकडे वर्दी देण्याचे. परकीय पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांच्या आत यजमानाने त्याची नोंद केली पाहिजे. तेव्हा हे १९४६ च्या कायद्याखाली चाले. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, पण यजमानाची जबाबदारी सुटलेली नाही. ज्या वाचकांकडे असे सोयरे येण्याचा योग असेल त्यांनी हे विसरू नये. हॉटेलवाले ही नोंद आपण होऊन करतात, घरच्या माणसांच्या मात्र ती ध्यानीही नसते.

मुंजीआधी चार दिवस हाती होते. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने परदेशी पारपत्रे घेऊन पहारेकऱ्याशी वाद घालण्याची आमची इच्छा नव्हती. खंदकाच्या कडेने गाडी फिरवून, १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी मंडळी येथे कैदेत होती, आणि नेहरूंनी आपला भारताचा शोध येथेच लिहिला, एवढे सांगितले. चांदबिबीच्या महालावर मात्र सर्व गेलो. तो वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे, चांदबिबीचा त्याच्याशी संबंध नाही. पण नगरकर ते ऐकून घेत नाहीत आणि आम्हीही आता सांगत नाही. वरच्या मजल्यावरून गाव दिसते तसे दुसरीकडून कोठूनही दिसत नाही. नेवाशास पैसाच्या खांबापुढे व्याह्यांनी विचारले, ग्रंथ केव्हा झाला? आम्ही म्हणालो, शके १२१२. त्यांनी खिशातील वहीत आकडेमोड केली: इसवी सन १२९०, बुद्धशक १८३३. मग हसून खाली एक ओळ लिहून आम्हांस दाखविली. शकात ६२१ मिळवावे. जानेवारीपासून फाल्गुनअखेर ६२२. आमच्या चुकीचा उल्लेख त्यांनी या एका प्रसंगाखेरीज कधीही केला नाही.

आत्याबाई आणि पणजीबाई यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी सकाळपासून दोघी मागच्या सोप्यात एकत्र बसत, आणि एक शेंगा सोली, दुसरी दाणे पाखडी. पत्नीस थाईत 'फनराया' म्हणतात, पतीस 'सामी', शिक्षकास 'आचान'. भार्या, स्वामी, आचार्य! सूनबाईंनी हे सांगितल्यावर आत्याबाईंनी ताबडतोब पणजीबाईंना संस्कृत येते असे गृहीत धरले. बँकॉकात राजदरबारचे ब्राह्मण आहेत, त्यांचे देवस्थान १७८४ पासून उभे आहे आणि त्यांच्यातही यज्ञोपवीत आहे, हे ऐकून तर त्यांनी, ज्या आप्ताने पत्राने शंका विचारली होती त्यास ही माहिती लगोलग कळविण्याचा आम्हांस हुकूम दिला. आम्ही तो पाळला. उत्तर आले नाही.

मुंजीच्या दिवशी चौकात मांडव घातला होता. मुलाचे क्षौर झाले तेव्हा पाहुणे मंडळी अगदी स्तब्ध झाली. त्यांच्याकडेही मुलगा काही दिवस श्रामणेर होतो. डोके भादरतात, भुवयाही काढतात, आणि त्याचे पुण्य आईस लाभते असे मानतात. म्हणून येथे काय चालले आहे हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. मंगलाष्टके, मेखला, दंड, सर्व यथासांग झाले. मग बटू झोळी घेऊन भिक्षेस निघाला. आईने घातली, आजीने घातली, मैनाबाईंनी घातली. पणजीबाई पांढऱ्या वस्त्रांत खांबाशी बसल्या होत्या. त्यांनी ओंजळीतले तांदूळ झोळीत सोडले, हात झोळीस लागू न देता. त्यांच्याकडे श्रामणेरास स्त्रीने स्पर्श करावयाचा नसतो. शिकविल्याप्रमाणे मुलगा त्यांच्या पायांवर डोके ठेवण्यास वाकला. त्या एकदम मागे सरल्या, पाय वस्त्राखाली घेतले, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पंच्याऐंशी वर्षांच्या बाई आठ वर्षांच्या मुलापुढे गुडघे टेकून, हात जोडून, भुईला कपाळ लावून वाकल्या.

मांडवात एकदम शांतता पसरली. वडील माणसाने मुलास नमस्कार करणे आपल्याकडे अशुभ. गुरुजी थबकले. मुलगा भांबावून आईकडे पाहू लागला. कोणी काही बोलणार तोच आत्याबाई उठल्या, काठी टेकीत पणजीबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि गुरुजींना म्हणाल्या, "ब्रह्मचाऱ्याला केला आहे, नातवाला नव्हे. चालू द्या." गुरुजींनी मान हलविली आणि पुढचा मंत्र उचलला.

त्यानंतर पाहुणे नऊ दिवस राहिले. पाथर्डीच्या रस्त्यालगत एका स्नेह्यांच्या शेतावर हुरडा खाल्ला, उसाचा रस प्याले, आणि मैनाबाईंनी बाजरीची भाकरी थापण्याचा प्रयत्न करून ती दोनदा मोडली. निघताना पणजीबाईंनी झोळीतील भिक्षेचे थोडे तांदूळ मागून घेतले आणि पदराच्या टोकास बांधावे तसे वस्त्रात बांधले.

त्यांची गाडी दिल्ली दरवाजातून बाहेर पडली त्याच दिवशी दुपारी आत्याबाईंनी आम्हांस हाक मारली. त्यांनाही पारपत्र हवे आहे. नखोन सवानला दोन नद्या एकत्र येतात ते त्यांना पाहावयाचे आहे. आम्ही नमुना पुढे घेतला, चष्मा लावला आणि जन्मतारीख विचारली. त्या म्हणाल्या, "भाद्रपदात, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. साल तुझ्या आजोबांना ठाऊक होते." शाळेच्या दाखल्यावर, त्या पिढीतील निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे, १ जून लिहिलेला आहे. व्याह्यांस आम्ही तसे कळविले आहे. त्यांनी जुनी पंचांगे मागविली आहेत.